ग्रंथालयशास्त्राच्या उद्बोधन दिवसाला जाताना

ग्रंथालयशास्त्राच्या बी.लिब. (पदवी) किंवा एम.लिब.ला (पदव्युत्तर पदवी) प्रवेश निश्चित झाला, शुल्क भरून झाले, की आठ-दहा दिवसांत विभागाचा निरोप येतो: अमुक तारखेला सकाळी साडेदहा वाजता नवीन विद्यार्थ्यांनी उद्बोधन कार्यक्रमासाठी उपस्थित राहावे. काही विद्यापीठे याला ‘दीक्षारंभ’ म्हणतात, काही ठिकाणी नुसते ‘इंडक्शन’ म्हणतात. नाव कोणतेही असले, तरी पुष्कळ विद्यार्थी त्याला सत्कार-समारंभ समजून टाळतात, आणि जे जातात त्यांतले बरेचसे मागच्या रांगेत बसून चहाची वाट पाहतात. इतर विषयांत ही चूक खपून जाते, कारण ज्याने पदवीला इतिहास घेतला तोच पुढे एम.ए. इतिहासाला येतो आणि विषयाची भाषा त्याला आधीच ठाऊक असते. ग्रंथालयशास्त्राचे तसे नाही. येथे कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर प्रवेश मिळत असल्यामुळे बी.ए. मराठी झालेली मुलगी, बी.कॉम. झालेला मुलगा आणि दहा वर्षे गावच्या वाचनालयात देवघेव सांभाळलेले गृहस्थ एकाच बाकावर येऊन बसतात, आणि तिघांसाठीही वर्गीकरण (पुस्तकांना विषयवार क्रमांक देणे), तालिकीकरण (त्यांच्या शोधता येतील अशा नोंदी करणे) हे विषय सारखेच नवे असतात. शिवाय बी.लिब. हा बहुतेक ठिकाणी एका वर्षाचाच अभ्यासक्रम आहे. पहिले सत्र हातात येईपर्यंत संपलेले असते.

म्हणून या दिवसाची तयारी कशी करावी, त्या दिवशी नेमके काय पाहावे आणि कोणाला काय विचारावे, हे येथे क्रमाने सांगितले आहे. महाराष्ट्रातील विद्यापीठांचे विभाग आणि संलग्न महाविद्यालये डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिले असले, तरी तपशील विभागागणिक थोडाफार बदलेल. मुख्य सूत्र मात्र एकच आहे: भाषणे, वेळापत्रक, नियम हे सारे नंतर कागदावर मिळते, ग्रंथालयाची आतली बाजू मात्र त्या दिवशी ज्या मोकळेपणाने दाखवली जाते, तशी पुन्हा क्वचितच पाहायला मिळते. तेव्हा आपली सर्वांत जास्त ताकद त्या फेरीसाठी राखून ठेवावी.

आधीचा आठवडा: कागदपत्रे

उद्बोधनाच्या दिवशीच पुष्कळ विभाग मूळ कागदपत्रांची पडताळणी उरकतात. पदवीच्या सर्व वर्षांच्या मूळ गुणपत्रिका, महाविद्यालय सोडल्याचा दाखला, आधार कार्ड, पासपोर्ट आकाराची छायाचित्रे आणि प्रत्येक कागदाच्या स्वसाक्षांकित केलेल्या दोन-दोन प्रती एका फाइलमध्ये क्रमाने लावून ठेवाव्यात. राखीव प्रवर्गातून प्रवेश असेल तर जात प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र आणि लागू असल्यास नॉन-क्रिमिलेयर प्रमाणपत्र बरोबर असावे. नॉन-क्रिमिलेयरची मुदत उलटलेली नाही ना, हे आदल्या रात्री नव्हे तर आठवडाभर आधी तपासावे, कारण नवे काढायला सेतू केंद्र आणि तहसील कचेरी यांच्या वेळेप्रमाणेच चालावे लागते. महाडीबीटीवरील शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला आणि आधारशी जोडलेले बँक खाते लागते, हेही याच आठवड्यात पाहून घ्यावे.

तीन ठिकाणी हमखास अडते. पहिले म्हणजे दुसऱ्या विद्यापीठातून आलेल्यांचे स्थलांतर प्रमाणपत्र. ते त्या दिवशी हातात नसले तरी प्रवेश लगेच जात नाही, पण ‘पात्रता’, म्हणजे आधीच्या पदवीची विद्यापीठाकडून होणारी पडताळणी, पूर्ण करण्याची अंतिम तारीख कोणती, हे कार्यालयातून लिहून घेतले पाहिजे. नाही तर परीक्षेचा अर्ज भरताना ते अडवले जाते. दुसरे म्हणजे नावातील फरक. लग्नानंतर पुन्हा शिकायला आलेल्या स्त्रिया या अभ्यासक्रमात नेहमीच बऱ्याच असतात, आणि त्यांची दहावीची गुणपत्रिका माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने असा घोळ असतो. विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील नावबदलाची प्रत बरोबर ठेवावी आणि पदवी कोणत्या नावाने हवी हे त्याच दिवशी ठरवावे. तिसरी अडचण मध्ये खंड पडलेल्यांची: पदवी आणि हा प्रवेश यांत काही वर्षे गेली असतील तर खंडाबाबतचे प्रतिज्ञापत्र मागतात.

नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांनी आपल्या संस्थेचे ना-हरकत प्रमाणपत्र आणावे. नियमित अभ्यासक्रमाला सर्वसाधारणपणे ७५ टक्के उपस्थितीची अट असते, आणि ‘नोकरीमुळे जमले नाही’ हे कारण सत्राच्या शेवटी कोणी ऐकून घेत नाही. अडचण असेल तर ती पहिल्याच दिवशी विभागप्रमुखांच्या कानावर घालावी.

मूळ दाखला कार्यालयात जमा करण्यापूर्वी त्याची रंगीत स्कॅन प्रत काढून ठेवावी आणि जमा केल्याची पोच घ्यावी. रॅगिंगविरोधी हमीपत्र आता विद्यार्थ्यांकडून ऑनलाइन भरून घेतात. शैक्षणिक श्रेयांक बँकेचा, म्हणजे एबीसीचा क्रमांक डिजिलॉकरमधून काढता येतो. तोही काढून फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

थोडे वाचून जावे

अभ्यासक्रमाची पुस्तिका विद्यापीठाच्या संकेतस्थळावर असते. ती उतरवून घेऊन प्रत्येक विषयाला किती श्रेयांक (क्रेडिट) आहेत आणि प्रात्यक्षिकाचे विषय कोणते, एवढे तरी पाहून जावे. विषयांचे घटक आत्ताच पाठ करायची गरज नाही.

व्यासपीठावरून डॉ. शि. रा. रंगनाथन यांचे नाव निघणार हे गृहीत धरावे. गणिताचे अध्यापक असलेले रंगनाथन १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, प्रशिक्षणासाठी लंडनला गेले, आणि परत आल्यावर त्यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत आणि १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध केली. १२ ऑगस्ट हा दिवस त्यांच्या नावाने राष्ट्रीय ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो, आणि प्रवेश उशिरा संपले तर उद्बोधन त्याच सुमारास येते. ग्रंथ उपयोगासाठी आहेत. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा. वाचकाचा वेळ वाचवावा. ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे. ही पाच वाक्ये ऐकायला इतकी साधी वाटतात की त्यांत शिकण्यासारखे काय आहे असा प्रश्न पडावा. दुपारच्या फेरीत मात्र ग्रंथालयातली प्रत्येक वस्तू यांपैकी कोणत्या वाक्यासाठी ठेवली आहे हे शोधत गेले की त्यांचे वजन कळते.

मराठी विद्यार्थ्याला ठाऊक असावी अशी आणखी एक गोष्ट आहे. आपल्याकडचे ग्रंथपालांचे शिक्षण बडोद्यातून सुरू झाले. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बोर्डेन यांना बोलावून घेतले आणि १९११ मध्ये तेथे ग्रंथालय प्रशिक्षणाचा वर्ग निघाला. लाहोरचा वर्ग त्यानंतरचा, १९१५ चा. वाचनालये तर त्याहून कितीतरी जुनी. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे. गोव्यातील कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाची सुरुवात १८३२ ची आहे. आपल्या गावच्या वाचनालयाचे स्थापनावर्ष आणि त्याचा वर्ग, म्हणजे अ, ब, क की ड, हे विचारून गेलात तर ओळख करून देताना बोलायला काहीतरी ठोस मिळते. हे वर्ग महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ नुसार मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांना असतात आणि अनुदान त्यांवर ठरते. ही व्यवस्था पुढे अभ्यासात येणारच आहे.

सकाळ

वेळेच्या अर्धा तास आधी पोहोचावे. विभाग विद्यापीठाच्या आवारात असेल तर मुख्य प्रवेशद्वारापासून तो कुठे आहे हे आधी पाहून ठेवावे. पुष्कळ ठिकाणी ग्रंथालयशास्त्राचा विभाग मध्यवर्ती ग्रंथालयाच्याच इमारतीत किंवा तिला लागून असतो. कपडे नीटनेटके पण सुटसुटीत असावेत आणि पायांत चालायला सोयीचे काहीतरी असावे, कारण दुपारी तीन-चार मजले चढावे लागतात आणि ग्रंथसंग्रहाच्या कपाटांमधल्या वाटा अरुंद असतात. धुळीने शिंका येणाऱ्यांनी मास्क ठेवावा. ग्रंथालयात पिशव्या बाहेर ठेवाव्या लागतात, म्हणून मौल्यवान वस्तू आणू नयेत आणि वही-पेन पिशवीतून वेगळे काढता येईल असे असावे.

नोंदणीच्या टेबलावर सही करताना आपले नाव, भ्रमणध्वनी क्रमांक आणि ई-मेल स्वच्छ अक्षरात लिहावे. याच कागदावरून विभागाचा व्हॉट्सॲप गट तयार होतो, आणि एका चुकलेल्या आकड्यामुळे महिनाभर सूचना न मिळालेले विद्यार्थी दर वर्षी एक-दोन तरी निघतात.

मग दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक. ग्रंथालयशास्त्राच्या विभागात पाहुण्यांना बहुधा पुष्पगुच्छाऐवजी पुस्तक देतात, ही चांगली प्रथा आहे. भाषणांत वर्षानुवर्षे बोलली जाणारी वाक्ये असतातच, तरीही ऐकताना दोन गोष्टी टिपाव्यात: विभागातील कोणते अध्यापक कोणता विषय शिकवतात, आणि पाहुणे माजी विद्यार्थी असतील तर ते सध्या कुठे काम करतात. बँक, वृत्तपत्राचा संदर्भ विभाग, संशोधन संस्था, शाळा, न्यायालय, महाविद्यालय अशी ठिकाणे त्या एका तासात कळतात. नोकरीविषयी याहून खरी माहिती देणारा तक्ता विभागाकडे नसतो.

अभ्यासक्रमाचे सत्र

येथे पडद्यावर श्रेयांकांचे कोष्टक झळकते आणि बहुतेकजण त्याचा फोटो काढून मोकळे होतात. फोटो काढावाच, पण त्यापेक्षा कोष्टकात न येणारे प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न प्रात्यक्षिकांचा. वर्गीकरणाच्या प्रात्यक्षिकाला ड्यूई दशांश पद्धतीचे, म्हणजे विषयानुसार दशांश आकडे देणाऱ्या पद्धतीचे, खंड समोर लागतात. २३वी आवृत्ती २०११ ची असून ती चार जाड खंडांत आहे आणि विद्यार्थ्याने विकत घ्यावी अशी तिची किंमत नाही. म्हणून विभागात किती संच आहेत, सराव कोणत्या आवृत्तीवर घेतात, परीक्षेलाही तीच देतात का आणि तासिकेनंतर बसून सराव करता येतो का, हे स्पष्ट विचारावे. चाळीस विद्यार्थ्यांमागे चार संच असतील तर तुम्हाला सकाळी लवकर येण्याची सवय लावून घ्यावी लागणार, हे त्याच दिवशी कळलेले बरे. द्विबिंदू वर्गीकरणाची सहावी आवृत्ती शिकवत असतील तर तिच्याबद्दलही हेच विचारावे. तालिकीकरण अजून तालिकापत्रावर लिहून घेतात की थेट संगणकावर मार्क २१ या नोंदींच्या ठरलेल्या साच्यात करून घेतात, यावरही अभ्यासाची पद्धत पुष्कळ बदलते.

दुसरा प्रश्न भाषेचा. पुस्तके आणि संज्ञा बहुतांशी इंग्रजीत, वर्गातले बोलणे मराठी-इंग्रजी मिश्र, आणि विद्यार्थी पुष्कळसे मराठी माध्यमाचे. उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येते का, प्रश्नपत्रिका दोन्ही भाषांत असते का, आणि अंतर्गत चाचणी व प्रकल्प अहवालाला तीच सवलत आहे का, हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत. एकाच्या उत्तरावरून दुसऱ्याचे उत्तर गृहीत धरू नये. मराठीत लिहायचे ठरवले तरी एका वहीत इंग्रजी संज्ञा आणि तिच्यापुढे वर्गात वापरला जाणारा मराठी शब्द असे दोन रकाने पहिल्या दिवसापासून भरत जावेत. दाखल नोंदवही, वर्गांक, ग्रंथांक, तालिका, निर्देशी, ग्रंथपडताळणी, निर्लेखन हे शब्द त्याच दिवशी कानावर पडतील.

तिसरा प्रश्न गुणांचा. महाविद्यालयीन ग्रंथपाल व्हायचे असेल तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के गुण आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. राखीव प्रवर्गांना गुणांत सवलत आहे. आता निकाल श्रेणी आणि सीजीपीए यांत लागतो, तेव्हा त्याचे टक्क्यांत रूपांतर विद्यापीठ कोणत्या सूत्राने करते, हे विचारून ठेवावे. काठावर असलेल्या विद्यार्थ्याचे भवितव्य कधी कधी या सूत्रावर ठरते. बी.लिब. करणाऱ्यांनी येथेच हेही विचारावे की याच विभागात एम.लिब. करायचे झाल्यास पुन्हा प्रवेश परीक्षा आहे का, आणि विभागाने दोन वर्षांचा सलग एम.लिब. अभ्यासक्रम सुरू केला असेल तर आपल्याला थेट दुसऱ्या वर्षात घेतात का. नवीन शैक्षणिक धोरणानंतर ही रचना सगळीकडे सारखी राहिलेली नाही, आणि जुन्या विद्यार्थ्याने दिलेली माहिती आपल्या तुकडीला लागू पडेलच असे नाही.

आणि चौथा, कार्यानुभवाचा. ग्रंथालयात प्रत्यक्ष काम करण्याचा काळ किती आठवड्यांचा, ग्रंथालय विभाग ठरवून देतो की आपण निवडायचे, हे विचारावे. निवडायची मुभा असेल तर घराजवळचे ग्रंथालय निवडण्याचा मोह टाळावा. जिथे तालिकीकरणापासून नियतकालिकांपर्यंत सगळ्या टेबलांवर बसू देतात अशी जागा प्रवासाचा त्रास सोसूनही घ्यावी.

ग्रंथालयाची फेरी

जेवणानंतर ही फेरी निघते. पंधरा-वीस जणांचा गट, पुढे एक ग्रंथालय कर्मचारी, मागे रेंगाळणारे विद्यार्थी. शक्यतो पुढे चालावे, कारण कर्मचारी मोठ्याने बोलत नाहीत. सवयीने त्यांचा आवाज खालीच असतो.

वाचक म्हणून ग्रंथालय आपण देवघेव काउंटरपासून पाहतो. या दिवशी ते उलट टोकाकडून, म्हणजे पुस्तक इमारतीत शिरते तेथून पाहावे. फेरी काउंटरपासून सुरू झाली तरी मनात क्रम असा लावावा: ग्रंथखरेदी विभागात विक्रेत्याकडून पुस्तकांचे गठ्ठे येतात, देयकाशी ताडून पाहिले जातात; मग दाखल नोंदवहीत प्रत्येक प्रतीला स्वतंत्र क्रमांक मिळतो; तांत्रिक विभागात वर्गांक, म्हणजे विषयाप्रमाणे ठरणारा क्रमांक, लागतो आणि संगणकावर नोंद होते; त्यानंतर शिक्के, बारकोड, पाठीवरचे लेबल, तारीखपट्टी; आणि मग कपाट.

तांत्रिक विभागात एखादे नुकतेच तयार झालेले पुस्तक हातात घेण्याची परवानगी मागावी. शीर्षकपृष्ठ उलटले की मागच्या बाजूला ग्रंथालयाचा शिक्का आणि त्यात दाखल क्रमांक दिसतो. बऱ्याच ठिकाणी त्याच पानावर पेन्सिलीने वर्गांक लिहिलेला असतो. हाच दाखल क्रमांक आतल्या एका ठरावीक पानावर पुन्हा असतो. ते पान प्रत्येक ग्रंथालयाचे आपापले असते आणि त्याला गुप्त पान म्हणतात. कोणी पहिले पान फाडून नेले तरी पुस्तक कोणाचे हे त्यावरून कळते. एकाच कादंबरीच्या पाच प्रती असतील तर पाचांचा वर्गांक एक, पण दाखल क्रमांक पाच. हा फरक पुस्तकातून समजावून घ्यायला एक तासिका जाते; दोन प्रती शेजारी धरल्या की एका मिनिटात समजतो.

संगणकावर काम करणाऱ्यांच्या मागे क्षणभर उभे राहून पडदा पाहावा. डाव्या बाजूला तीन-तीन आकड्यांचे रकाने दिसतात: १०० मध्ये लेखक, २४५ मध्ये ग्रंथनाम, ०८२ मध्ये ड्यूईचा वर्गांक, ६५० मध्ये विषय. पुढे वर्षभर ज्यांच्याशी गाठ पडणार त्या मार्कच्या खुणा याच. आज्ञावली (सॉफ्टवेअर) कोणती, हेही विचारून घ्यावे. न्यूझीलंडमध्ये जन्मलेली आणि मुक्त स्रोत असलेली कोहा, गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या केंद्राची सोल, की राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची (एनआयसी) ई-ग्रंथालय? विभागात एक शिकवतात आणि ग्रंथालयात दुसरी चालते, असेही असते. तसे असेल तर दोन्ही पाहायला मिळणार म्हणून आनंदच मानावा.

मराठी पुस्तकांच्या नोंदी देवनागरीत युनिकोडमध्ये आहेत, की रोमन लिपीत, की जुन्या फाँटमध्ये अडकल्या आहेत, हे स्वतः तपासावे. वाचकांच्या ओपॅक, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी शोधण्याच्या, संगणकावर ‘गोविंदाग्रज’ असा शोध द्यावा. राम गणेश गडकऱ्यांनी कविता या नावाने लिहिल्या, विनोदी लेखन बाळकराम म्हणून केले आणि नाटके स्वतःच्या नावाने लिहिली. तीन नावांना एकमेकांकडे नेणारे संदर्भ या ग्रंथालयाने जोडले आहेत का? ‘गडकरी, राम गणेश’ असे शोधल्यावर कविता सापडतात का? नसतील सापडत, तर ग्रंथालयाला नावे ठेवण्याचे कारण नाही. लाखभर नोंदींची नावे एकसारखी करणे हे किती मनुष्यबळाचे काम आहे, आणि तालिकीकरणात लेखकनामांच्या नियमांसाठी एवढी पाने का खर्ची पडतात, याचा अंदाज तेवढ्या शोधातून येतो.

नंतर कपाटांकडे जावे आणि ८९१.४६ हा आकडा शोधावा. ड्यूई पद्धतीत मराठी साहित्याची जागा ही. कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कादंबरी-कथा ८९१.४६३. आता मराठी साहित्याचा इतिहास आणि समीक्षा, म्हणजे ८९१.४६०९, कुठे आहे ते पाहावे. नवखा विद्यार्थी ती ‘चार हजार सहाशे नऊ’ अशी मोठी संख्या समजून कादंबऱ्यांच्या पुढे शोधतो. ती असते कवितांच्याही आधी, कारण दशांश चिन्हानंतरचा एकेक आकडा डावीकडून वाचायचा असतो आणि शून्य हे एकाच्या आधी येते. त्याच न्यायाने ८९१.४६३०९ हे ८९१.४६४ च्या अलीकडे. काही ग्रंथालये मराठी संग्रह वेगळ्या दालनात ठेवतात आणि लेबलवर वेगळे चिन्ह लावतात, तेथेही आतला क्रम हाच. एक कप्पा पूर्ण वाचून पाहावा; चुकीच्या जागी गेलेले एखादे पुस्तक बहुधा सापडतेच. सापडले तर स्वतः हलवू नये, तेथील परिचरांना दाखवावे.

हे परिचर म्हणजे ग्रंथालयातील सर्वांत मोलाची माणसे. वीस-वीस वर्षे त्याच मजल्यावर काढलेले काका वर्गांक न पाहता पुस्तक काढून देतात. त्यांची ओळख करून घ्यावी आणि त्यांना ‘ए, ते पुस्तक दे’ अशा सुरात कधी बोलू नये. असे बोलणारे विद्यार्थी असतात, म्हणून लिहावे लागते. कोणती पुस्तके सर्वांत जास्त मागितली जातात, कोणती दहा वर्षांत कोणी उघडली नाहीत, ग्रंथपडताळणीत (कपाटातील पुस्तके नोंदींशी ताडून पाहण्यात) किती दिवस जातात, हे प्रश्न त्यांना विचारावेत. रंगनाथनांचा तिसरा सिद्धांत त्यांच्या उत्तरांत सापडेल.

नियतकालिक विभागात छापील अंकांची रॅक रोडावलेली दिसेल, कारण बरीचशी संशोधनपत्रिका वर्गणी आता ऑनलाइन असते. ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली असून तिच्यातून शासकीय उच्चशिक्षण संस्थांना ३० प्रकाशकांच्या सुमारे १३ हजार पत्रिका खुल्या झाल्या आहेत. आपली संस्था तीत येते का, आणि घरून वापरायला लॉगिन कोण देते, हे विचारून घ्यावे. संदर्भ विभाग, बांधणी विभाग, दृष्टिबाधितांसाठीचा कक्ष हे वेळ उरला तर पाहावेत. दुर्मीळ ग्रंथांचे दालन उघडत असतील तर वेळ काढून पाहावे.

सहाध्यायी आणि कार्यालय

चहाच्या वेळी आपल्याच गावच्या किंवा महाविद्यालयाच्या लोकांत घोळका करून उभे राहू नये. ग्रंथालय संचालनालयाची प्रमाणपत्र परीक्षा देऊन वाचनालयात काम करत असलेला सहाध्यायी हेरून त्याच्याशी ओळख करावी. त्याला कामाची खडान्‌खडा माहिती असते आणि त्याला संगणकाची किंवा इंग्रजीची धास्ती असू शकते. तुमची अडचण नेमकी उलट असेल. अशी जोडी जमली तर दोघांचेही वर्ष सुकर होते.

विभागाच्या कार्यालयातील लिपिकांना भेटून तीन तारखा लिहून घ्याव्यात: पात्रतेची, शिष्यवृत्ती अर्जाची आणि परीक्षा अर्जाची. वसतिगृहाची यादी लागायची असेल तर चौथी. शंका असेल तर तोंडी उत्तरावर न थांबता सूचनाफलकावरच्या परिपत्रकाचा फोटो घ्यावा. रॅगिंगचा किंवा अन्य छळाचा त्रास झाल्यास कोणाकडे जायचे, त्या समितीतील अध्यापकांची नावेही फलकावर असतात; तीही पाहून ठेवावीत.

दूरशिक्षणाने शिकणाऱ्यांसाठी

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ किंवा इग्नू यांच्यामार्फत हा अभ्यासक्रम करणाऱ्यांचे उद्बोधन अभ्यासकेंद्रावर, बहुधा रविवारी, दोन-तीन तासांत उरकते आणि ग्रंथालयाची फेरी त्यात असेलच असे नाही. ती उणीव स्वतः भरून काढावी. अभ्यासकेंद्र ज्या महाविद्यालयात आहे तेथील ग्रंथपालांना आधी फोन करून, भेटून, कामाच्या दिवशी तासभर तांत्रिक विभाग पाहू द्याल का, अशी विनंती करावी. जिल्हा ग्रंथालयातही विचारता येते. बहुतेक ग्रंथपाल आनंदाने दाखवतात, मात्र मार्चअखेरीस हिशेब आणि पडताळणीच्या धामधुमीत जाऊ नये. संपर्क सत्रांच्या तारखा आणि स्वाध्याय जमा करण्याची मुदत या दोन गोष्टी केंद्रावरून लेखी घ्याव्यात.

त्या दिवशी संध्याकाळी आणि पुढचे दोन दिवस

घरी गेल्यावर फोटो आणि टिपणे चाळून प्रश्नांची उत्तरे एका पानावर उतरवावीत. ज्यांची उत्तरे मिळाली नाहीत ते प्रश्न वेगळे काढून पहिल्या तासिकेनंतर संबंधित सरांना किंवा मॅडमना विचारावेत. भर सभागृहात विचारायला संकोच वाटलेला प्रश्न अशा वेळी सहज विचारता येतो.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयाच्या ओळखपत्राचा अर्ज भरावा. पहिल्या आठवड्यात ओळखपत्रांची गर्दी नसते, महिन्याभराने सगळे विभाग एकदम येतात. ओळखपत्र मिळताच पाठ्यपुस्तकांच्या प्रतींची संख्या ओपॅकवर पाहून, जे एकाच प्रतीत आहे ते आधी घ्यावे. घरी संगणक असेल तर कोहाच्या संकेतस्थळावरून मिळणाऱ्या प्रात्यक्षिक आवृत्तीवर घरातल्या पाच मराठी पुस्तकांच्या नोंदी करून पाहाव्यात. संगणक नसेल तर त्याच पाच पुस्तकांची शीर्षकपृष्ठे उघडून लेखक, शीर्षक, आवृत्ती, प्रकाशनस्थळ, प्रकाशक आणि वर्ष एका कागदावर उतरवावे. दोन पुस्तकांवर वर्ष सापडणार नाही, एकावर ‘पुनर्मुद्रण’ आणि ‘आवृत्ती’ यांचा गोंधळ असेल, आणि एखाद्याचे मुखपृष्ठावरचे नाव आतल्या पानावरच्या नावाशी जुळणार नाही. तो कागद तालिकीकरणाच्या पहिल्या तासिकेला बरोबर न्यावा.